वार पुरायची की तपासायला द्यायची?

पत्र: डॉक्टर, मी २९ वर्षांची आहे. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, १४वा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी ३४व्या आठवड्यात बीपी १६०च्या वर गेलं आणि सिझर करून मुलगी काढावी लागली. वजन १ किलो ६०० ग्रॅम. आता ती चार वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ‘वारेनं, म्हणजे प्लासेंटानं, नीट काम केलं नाही.’ घरात मात्र सगळे म्हणतात, मी सातव्या महिन्यापर्यंत स्कूटीवरून शाळेत शिकवायला जात होते म्हणून असं झालं. या वेळी रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची गोळी सुरू केली आहे. रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणात घ्यायची म्हणजे भीती वाटते. त्यात, जिथे नाव घातलंय त्या दवाखान्यात विचारलं की बाळंतपणानंतर वार संशोधनासाठी द्याल का. आमचं घर शेती-गोठ्याचं. सासूबाई म्हणतात, वार आपल्या परसात पुरायची असते, कुणाच्या हाती द्यायची नाही. काय करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

आधी स्कूटीचं निकालात काढू, कारण पत्रात तुम्ही ते मध्येच कुठेतरी घातलं असलं तरी चार वर्षं मनात तेच सलतंय असं मला दिसतं.

स्कूटीनं काही झालेलं नाही. तुमच्या पहिल्या गरोदरपणात जे बिनसलं, ते बहुधा तुम्ही स्कूटीवर बसू की नको याचा विचारही करत नव्हता तेव्हा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बिनसलं होतं. बीपी दिसलं आठव्या महिन्यात, एवढंच.

आपल्याकडे नाळेचं फार कौतुक. माझी नाळ इथली, नाळ जुळली, नाळ तुटली, जिथं नाळ पुरली ते गाव. पण नाळ ही नुसती दोरी. सगळं काम करते ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेली वार, आणि तिच्या नावावर भाषेत एक म्हण नाही. मी प्रसूतिगृहात नवीन असताना तिथल्या एका जुन्या सिस्टरनं मला वार बघायला शिकवलं. बाळ रडलं की आम्ही सगळे बाळाकडे धावायचो. ती मात्र स्टीलच्या ट्रेमध्ये वार पालथी करायची आणि कडेनं बोट फिरवत जायची, तव्यावरची भाकरी कुठे चिरली तर नाही ना बघावं तशी. आकारही भाकरीएवढाच, वीस-बावीस सेंटिमीटर, फक्त जाडी दोन-अडीच सेंटिमीटर आणि वजन अर्धा किलो. आईच्या बाजूनं गडद लाल, पंधरा-वीस फुगीर भाग शेजारी शेजारी. एखादा भाग कमी भरला तर तो आत राहिला, म्हणजे पुढे रक्तस्रावाची भीती. उलटून बाळाच्या बाजूनं पाहिलं तर करडी, चकचकीत, आणि मधोमध नाळ शिरते तिथून पिंपळपानासारख्या शिरा पसरलेल्या. दोन मिनिटांत तिचं बघून व्हायचं आणि वार पिवळ्या पिशवीत जायची. आजही तिथेच जाते. नियमाप्रमाणे तो जैववैद्यकीय कचरा.

आता ही वार कुणाची? सगळे म्हणतात आईची. खरं म्हणजे ती बाळाची. गर्भ पाच-सहा दिवसांचा असतो तेव्हा तो पेशींचा एक पोकळ चेंडू असतो. आतल्या बाजूला चिकटलेल्या थोड्याशा पेशींचं बाळ होतं, आणि बाहेरच्या आवरणाची वार होते. म्हणजे तिच्यात निम्मी जनुकं वडिलांची. नुसती निम्मीच नाहीत, वार घडवण्यात वडिलांकडून आलेल्या काही जनुकांचा वाटा मोठा असतो. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुराणी यांनी आणि अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनी उंदरांवर स्वतंत्रपणे प्रयोग केले. जनुकांचे दोन्ही वाटे बापाकडचेच असलेला गर्भ केला तर वारेच्या पेशी जोमानं वाढल्या, गर्भ मात्र खुरटला. दोन्ही वाटे आईकडचे ठेवले तर उलटं झालं. आपण ज्याला द्राक्षगर्भ म्हणतो त्याचा एक मुख्य प्रकार असाच, सगळी जनुकं बापाची आणि नुसतीच वार वाढतेय. हे सांगतेय ते तुमच्या यजमानांवर खापर फोडायला नाही. पण घरात पुन्हा स्कूटीचा विषय निघाला तर हे हळूच सांगून बघा.

वार गर्भाशयात रुजते कशी, ते जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या गोळीचं उत्तर त्यातच आहे.

पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की गर्भ रुजला की आईचं रक्त लगेच वारेत खेळायला लागतं. तसं नसतं. पहिले दहा-बारा आठवडे वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि चक्क बूच मारतात. रक्त आत येत नाही, पाझरतो फक्त पातळ द्रव. त्या काळात गर्भाचं पोषण होतं ते गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर. ग्रॅहम बर्टन, एरिक जॉनियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००२ साली दाखवलं. गर्भाचे अवयव घडत असताना जास्त ऑक्सिजन त्याला बाधतो, म्हणून ही व्यवस्था. पहिल्या तीन महिन्यांत अन्न बघितलं की मळमळणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. ‘मी काही खात नाही, बाळाचं काय होणार’ या काळजीनं त्या आणखी खंगतात.

याच सुमाराला दुसरं काम चालू असतं. गर्भाशयाच्या भिंतीत मळसूत्रासारख्या पिळदार रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिन्या, असतात. वारेच्या काही पेशी सुट्या होऊन या रोहिण्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू काढून टाकतात आणि अरुंद, आवळणारी नळी रुंद आणि ढिली करून ठेवतात. तुम्ही शेतीवाल्या घरातल्या आहात म्हणून सांगते. झाडाच्या आळ्यात पाणी सोडताना पाइपच्या तोंडावर बोट दाबलं तर काय होतं? फवारा उडतो, आळं फुटतं, माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात. पाइप मोकळा सोडला की पाणी संथ येतं आणि मुरतं. रोहिणी रुंद झाली तर आईचं रक्त वारेत सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगानं उतरतं. झाली नाही तर मीटर-दोन मीटरच्या वेगानं आदळतं, आणि आईच्या रक्तात बुडालेले वारेचे नाजूक तुरे त्या माऱ्यानं झोडपले जातात. शिवाय न बदललेली नळी मध्येच आवळते, मध्येच सुटते.

या रोहिण्या कशा बदलतात हे १९६७ साली इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आणि पुढे हेही, की गरोदरपणात बीपी वाढलेल्या कित्येक बायकांत हा बदल अर्धवट राहिलेला असतो. तुमच्या आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. वारेतल्या बिघाडाचं बीपी कसं होतं हे कोडं मात्र बरीच वर्षं सुटेना. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अनंत करुमांची बोस्टनमध्ये काम करत होते. त्यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं की त्रासलेली वार एक प्रथिन प्रमाणाबाहेर आईच्या रक्तात सोडते. त्याचं नाव एसएफएलटी-१. आईच्या रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारा पीएलजीएफ नावाचा घटक ते शोषून घेतं. मग रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, डोकं ठणकतं. या दोन घटकांचं गुणोत्तर मोजणारी तपासणी आता मोठ्या शहरांत होते. ते ३८ किंवा त्याखाली असलं तर पुढच्या आठवडाभरात हा आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी असते. सातव्या-आठव्या महिन्यात बीपीबद्दल शंका आलीच, तर तुमच्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा.

या सगळ्यात स्कूटी कुठे बसते, तुम्हीच सांगा.

आता गोळी. घ्या. मनात किंतु न ठेवता घ्या. २०१७ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात धोका जास्त असलेल्या १,७७६ गरोदर बायका होत्या. काहींना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया बिनऔषधाच्या गटात ४.३ टक्के बायकांना झाला, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. गोळ्या नेमानं घेणाऱ्यांना फायदा जास्त झाला. ही गोळी चौथ्या महिन्यात सुरू करण्याचं कारण तुम्हाला आता कळलं असेल. रोहिण्या घडतायत तोवरच तिचा उपयोग. आठव्या महिन्यात बीपी वाढल्यावर सुरू करून फारसं काही हाती लागत नाही. या मात्रेत तिनं बाळाला अपाय होतो असं दिसलेलं नाही. अल्सर असेल, दमा असेल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आजच डॉक्टरांना सांगा. आणि कुणी शेजारीण ‘रक्त पातळ होतं गं’ म्हणाली म्हणून मनानं बंद करू नका. बंद कधी करायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, बहुधा ३६व्या आठवड्याच्या सुमाराला.

गोळी म्हणजे हमी नव्हे हेही सांगून ठेवते. पहिल्या वेळी झालं त्यांना दुसऱ्या वेळी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असतेच. बीपीचं मशीन घरी घ्या. १४०/९० किंवा वर दिसलं, डोकेदुखी हटेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात अचानक सुजले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाळाची वाढ बघायच्या सोनोग्राफ्या चुकवू नका. आणि पहिल्या बाळंतपणाची सगळी फाइल, मुलीच्या वजनाच्या कागदासकट, या डॉक्टरांसमोर ठेवा.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

माणसाच्या शरीरातला सगळ्यात कमी कळलेला अवयव कोणता, तर वार. हे माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१४ मध्ये खास वारेसाठी संशोधन प्रकल्प सुरू केला तो हेच म्हणत. अडचण अशी की वार काम करत असताना तिला हात लावता येत नाही, आणि हातात येते तेव्हा तिचं काम संपलेलं असतं. जनावरांवर अभ्यास करावा तर तिथेही अडतं. तुमच्या गोठ्यातली गाय व्याली की सासूबाई ‘वार पडली का’ विचारत असतील. त्या वारेवर शंभराच्या आसपास सुटी बटणं असतात आणि ती गर्भाशयाला नुसती चिकटलेली असतात, आईच्या रक्तवाहिन्या पोखरून आत जात नाहीत. माणसाची वार खोल शिरते. म्हणूनच असेल, प्रीएक्लॅम्प्सिया हा जवळजवळ माणसाचाच आजार. गायीकडून त्याचं उत्तर मिळणार नाही.

वारेतल्या अजब गोष्टी इतक्या आहेत की मला आवरावं लागतं, पण एक सांगतेच. वारेचे तुरे आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि त्या सगळ्या तुऱ्यांवर मिळून एकच अखंड पेशी पसरलेली असते. हजारो लाखो पेशी एकमेकींत मिसळून झालेली, कुठे सांधा नाही. पसरली तर आपली दहा बाय बाराची खोली भरेल. तिला असं अखंड करणारं एक प्रथिन मुळात विषाणूचं आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकडपूर्वजांना एका विषाणूची लागण झाली, त्याचं जनुक आपल्यात राहून गेलं आणि वारेनं ते कामाला लावलं. हे कळलं २००० साली.

२०१८ मध्ये जपानमधल्या तोहोकू विद्यापीठानं वारेच्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या, त्याच वर्षी केंब्रिजच्या गटानं बशीत वारेची छोटी प्रतिकृती वाढवली. हे सगळं कुणा ना कुणा बाईनं ‘घ्या’ म्हटलं म्हणून झालं. आपल्या इथलंच बघायचं तर पुण्याजवळच्या गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीनं वारेचं आकारमान मोजलं होतं. दिवस राहण्यापूर्वीच जिचं वजन कमी, तिची वार मध्यावर लहान, आणि वार लहान तर जन्मलेलं बाळही वजनानं कमी. ‘आता दोन जिवांची आहेस, खा’ असं आपण सुनेला म्हणतो तेव्हा खरं तर उशीर झालेला असतो. ते जेवण तिला लग्नाआधी, माहेरी, चौदाव्या-पंधराव्या वर्षी मिळायला हवं होतं. पुण्यातच भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटानं प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या मातांच्या वारेचा अभ्यास वर्षानुवर्षं केला आहे. त्यांना लागणाऱ्या वारा आपल्यासारख्याच घरांतून आल्या. एकदा हा आजार होऊन गेलेल्या बाईची दुसरी वार अभ्यासकांसाठी मोलाची असते.

म्हणून माझं मत, द्या. पण डोळे मिटून सही करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता आहे का, वारेचा तुकडा घेणार की सगळी वार, तुमचं नाव त्यावर राहणार की क्रमांक, जनुकांची तपासणी करणार का, तुमच्या उपयोगाचं काही निघालं तर कळवणार का, हे विचारा. नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये, आणि हो म्हणून नंतर नाही म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. सही करायची तर आठव्या महिन्याच्या आत, शांतपणे. कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कागदाला मी संमती मानत नाही. आणखी एक, संशोधनासाठी वार मागणारे तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. ‘बाळाच्या भविष्यासाठी वार साठवून ठेवा, एवढे हप्ते’ असं सांगणारा भेटला तर तो दुसरा कुणीतरी. आपल्या देशात नाळेतलं रक्त सोडून असं काही साठवायला परवानगी नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना अडाणी समजू नका. गायीची वार पोत्यात बांधून वडाला टांगतात ती काही गावं मी पाहिली आहेत. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू नये, ज्यानं वासरू पोसलं त्याची विटंबना होऊ नये, ही त्यामागची भावना. परसात पुरण्यामागेही तीच. पिवळी पिशवी कुठे जाते हे त्यांना सांगा. वार एरवी पुरली जाणार नाहीये, भट्टीत जाणार आहे. मग प्रश्न परस की प्रयोगशाळा असा उरतच नाही. त्यांचा आग्रह फारच असेल तर दवाखान्यात आधीच विचारा, तुकडे घेतल्यावर उरलेलं घरी देता येईल का. ते त्यांच्या नियमांवर अवलंबून आहे. आणि नाळेचा तुकडा सात-आठ दिवसांनी वाळून घरातच पडतो, तो तर कुणी मागत नाही. तो त्यांना हवा तिथे पुरू द्या. शक्य झालं तर पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि संशोधनवाल्या डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. ज्या बाईनं पन्नास गायींची वार पडताना बघितली आहे, ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरे प्रश्न विचारेल.

शेवटी, जे बाळंतपणानंतर कुणी सांगत नाही ते. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि बीपीचा त्याहूनही जास्त. वार निघून जाते, ही नोंद राहते. दोन्ही मुलांच्या लसीकरणाच्या तारखा तुम्ही पाठ ठेवाल, त्याच वहीत स्वतःचं बीपी वर्षातून एकदा लिहा. आणि नववा महिना लागेपर्यंत बीपी ताळ्यावर असेल, डॉक्टरांनी नको म्हटलं नसेल, तर शाळेत जायला माझी हरकत नाही. हेल्मेट घाला.